नंतरच्या नळ्या

सावंतवाडीत, तलावामागच्या गल्लीत
हुसेन खतीबने बंदूक मोडली,
म्हणजे बिजागरीवर वाकवली,
आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं,
जसं कुणी दोन विहिरींत एकदम वाकावं.

"आरसा आहे आत," तो म्हणाला.
मला वाटलं, झालं काम.
मग त्याने नळ्या उतरवल्या,
बुडाशी भिंग धरलं.
कळीवरचा आकडा वाचला: सात एक एक चार.
नळ्यांवरचा वाचला: दोन शून्य तीन आठ सहा.
भिंग खाली ठेवलं,
वैद्याने मनगट सोडावं तसं.

"नळ्या नंतरच्या आहेत.
दस्ता अस्सल, चाप अस्सल,
कोरलेला तितरसुद्धा अस्सल, शेपटीत जरा झिजलाय.
मूळच्या नळ्या असत्या तर ऐंशी दिले असते.
आता पंचवीस.
तेही तुम्ही मातोंडहून एसटीने आलात म्हणून."

सांगावंसं वाटलं,
याच नळ्यांनी एकोणतीस वर्षं आमचं भात राखलं,
मूळच्यांनी अकराच.
पण इथे चाकरी मोजत नाहीत.
आधी कोण आलं तेवढंच बघतात.

भाद्रपद होता. बाबा बांधावरून घसरले,
नळीचं तोंड चिखलात रुतलं.
डुकरं लोंबीत शिरलेली, पुसायला सवड कुठली.
डावा चाप ओढला
आणि नळी केळफुलासारखी उकलली.
डुक्कर एकही पडलं नाही.
गेला तो बाबांचा डावा कान.
मग अख्खी वाडी त्यांच्या उजवीकडून बोलायला शिकली,
गवसांचा मुका तेवढा दोन्हीकडून बोलायचा.

नव्या नळ्या पुंडलिक चारीने बसवल्या,
गोव्यातल्या कुठल्याशा मेलेल्या बंदुकीच्या.
दिव्याची काजळी लावायची, मिटायची, उघडायची,
जिथे काळं उमटेल तिथे कानस,
पुन्हा काजळी.
तेरा दिवस.
शेवटी मिटली तेव्हा पानाच्या डब्याएवढाच आवाज झाला.
चारीने मजुरी घेतली, नाव कुठेच कोरलं नाही.

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा.
हवालदार एकदा कळीवरचा नंबर लिही,
एकदा नळीवरचा,
आणि परत आणताना बाबांना सिद्ध करावं लागे
की ही तीच आहे.
हवालदार ओरडून विचारी, नेमका डाव्या कानात.

"जुन्या नळ्या घरी असतील तर बघा," खतीब म्हणाला,
"फुटक्या का असेनात. सोबत दिल्या तर दहा वाढवतो."

डावी भंगारात गेली.
उजवी चारीने हातभर कापून आईला दिली होती.
चुलीपाशी असते. फुंकणी.
अवसेच्या आदल्या दिवशी आई तिला चिंच लावून घासते,
तेव्हा काजळीखालून पोलादाचा पीळ वर येतो,
वेंगुर्ल्याच्या वाळूवर ओहोटी रेघा सोडून जाते तसा,
आणि बुडाशी, अंगठ्याखाली, तो आकडा.

आईला विचारलं. दहा हजार, म्हटलं.
तिने ओल्या असोळ्या चुलीत सारल्या,
नळीला तोंड लावलं,
धूर माझ्याकडे आला.
"मगे मी चूल कशान फुकतलंय?"

पंचवीस घेतले. सह्या केल्या, तीन प्रतींत.
बाबांच्या परवान्यावर शिक्का बसला: विक्री.
साहेबांनी विचारलं, शस्त्राचा काही भाग घरी शिल्लक?
मी नाही म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा
सात एक एक चार भिंतीला टेकून उभा होता,
तोंडाशी ओला, बुडाशी कोमट.
आतून भाताचा वास येत होता.